घरच्या दिव्याची पारख

आषाढांतली अमावास्या ही दिव्यांची. त्या दिवशीं घरांतले सारे दिवे, समई, निरांजन, लामणदिवा, माळ्यावरचा एखादा जुना कंदीलसुद्धां, घांसून पुसून पाटावर ओळीनें मांडावयाचे, त्यांस हळदकुंकू वाहावयाचें आणि कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य दाखवावयाचा, ही चाल महाराष्ट्रांतल्या पुष्कळ घरांत अजून चालू आहे. मात्र ज्याच्या उजेडांत ही पूजा चालते, तो छतास लटकणारा बल्ब त्या पाटावर कोणी मांडीत नाहीं. त्यावरची वर्षाची धूळ देखील पुसली जात नाहीं. समई घेतांना गृहिणी तिचें वजन पाहते, पितळेचा नाद ऐकते, तेलाची वाटी किती खोल आहे हें बोटानें चांचपते. बल्ब मात्र दुकानदार देईल तो घेतला जातो, आणि विचारला जातो तो एकच प्रश्न : किती वॉटचा? हा प्रश्न दिव्याच्या प्रकाशाविषयीं नसून त्याच्या भुकेविषयीं आहे. बैल विकत घेतांना तो ओढील किती हें न विचारतां कडबा किती खातो एवढेंच विचारावें, तशांतला हा प्रकार. तो कसा रूढ झाला आणि एलईडीच्या काळांत घरास किती महाग पडतो, हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. आणि त्यासाठीं पुण्यामुंबईपेक्षां वडवणीसारखें गांव अधिक उपयोगी पडतें. कारण शहरांत उजेड लवकर आला आणि त्याची किंमत लोक विसरून गेले.

बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडवणी हें आज तालुक्याचें ठिकाण आहे. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. प्रदेश कोरडवाहू, पीक ज्वारी, बाजरी, कापूस आणि करडई यांचें. करडईचें तेल घाण्यावर निघे, आणि जें तेल कढईंत तेंच दिव्यांत. एरंडीचें किंवा करंजाचें तेल मिळालें तर तें जाळावयाचें, नाहींतर खाण्याच्याच तेलांतून दिव्याचा वाटा काढावयाचा. तेव्हां दिवा लावणें म्हणजे उद्यांच्या कालवणांतलें तेल आज जाळणें होतें. दिवेलागणीस एक दिवा देवापाशीं, एक चुलीपाशीं. जेवणें आटोपलीं कीं वात आंत ओढून घ्यावयाची. या काटकसरींत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. पणतींत तेल किती घातलें आणि त्यांत उजेड किती पडला, या दोन्ही गोष्टी एकाच डोळ्यांसमोर घडत. वात जाड केली तर ज्योत मोठी होई व तेल लौकर आटे. खर्च आणि फळ यांचा हिशेब ठेवण्यास निराळी विद्या लागत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेचें, मागाहून बाकूचें आणि ब्रह्मदेशाचें खनिज तेल पत्र्याच्या डब्यांतून हिंदुस्थानांत येऊं लागलें. इंग्रजी ‘गॅसलाइट’चें घासलेट झालें, ‘रॉक ऑइल’चें रॉकेल झालें, आणि तेल संपल्यावर उरलेला डबा पाणी भरण्यास, धान्य ठेवण्यास, पुढें कापून छपरास ठोकण्यास उपयोगी पडला. कित्येक घरांत तेलापेक्षां डबाच अधिक वर्षें टिकला. या तेलावर तीन प्रकारचे दिवे चालत : बिनकांचेची पत्र्याची चिमणी, कांचेचा कंदील, आणि लग्नकार्यांत किंवा तमाशाच्या फडांत भाड्यानें आणावयाची बत्ती. ही बत्ती म्हणजे १९१० च्या सुमारास बर्लिन येथें निघालेला पेट्रोमॅक्स किंवा त्याच्याच घराण्यांतला दुसरा कोणी. चिमणी सर्वांत स्वस्त, म्हणून गरिबाच्या घरीं तीच. परंतु प्रकाश मोजण्याचें जें माप आज लुमेन म्हणून ओळखलें जातें, त्या मापानें चिमणीचा उजेड दहाच्या आसपास भरतो आणि कंदिलाचा पन्नासाच्या आसपास. बत्तीचा तर शेंकड्यांनीं. चिमणी तेल थोडें खाई हें खरें. पण खाल्लेल्या तेलाच्या मानानें ती जो उजेड देई तो फारच थोडा असे, आणि वर धूर, काजळी व पदर पेटण्याचें भय. ज्याच्यापाशीं पैसा कमी त्यानें उजेडाच्या प्रत्येक कणास पैसा अधिक मोजावा, हा व्यवहार तेथूनच सुरू झाला, आणि तो पुढें शंभर वर्षें टिकला.

विजेचा दिवा शहरांत आला तो याच सुमारास. मुंबईस १९०५ सालीं वाडीबंदर येथें वीजकेंद्र चालू झालें. १९१५ सालीं टाटांचें खोपोलीचें जलविद्युत्-केंद्र सुरू होऊन घाटावरचें पाणी मुंबईच्या गिरण्या व दिवे चालवूं लागलें. एडिसनच्या १८७९ च्या दिव्यांत कोळशाची तार होती. १९१० नंतर टंगस्टनची बारीक तार आली आणि तोच बल्ब थोड्याफार फरकानें शतकभर घरोघर लटकत राहिला. या दिव्यानें एक मोठा बदल केला, त्याकडे मात्र कोणाचें लक्ष गेलें नाहीं. इंधन डोळ्यांआड गेलें. तेल आटतांना दिसे, वीज आटतांना दिसत नाहीं. तिचा हिशेब महिन्याच्या अखेरीस, सर्व दिव्यांचा मिळून, एका कागदावर येतो. त्यामुळें बल्ब ओळखावयाचा कसा, तर त्याच्या कपाळावर छापलेल्या वॉटच्या आंकड्यावरून. सर्वच बल्ब एका जातीचे असल्यानें पंचवीस, चाळीस, साठ, शंभर हे आंकडे उजेडाच्या पायऱ्या म्हणूनही चालून जात. साठाचा बल्ब सुमारें सातशें लुमेन देई, म्हणजे चौदा कंदिलांइतका. माप चुकीचें होतें, परंतु चूक निरुपद्रवी होती.

बल्ब किती टिकावा हेंही ग्राहकाच्या हातीं राहिलें नाहीं. १९२४ सालीं ओसराम, फिलिप्स आदि बड्या कारखानदारांनीं जिनीव्हा येथें एकत्र येऊन ‘फीबस’ नांवाचा करार केला आणि घरगुती बल्बाचें आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवलें. कोणाचा बल्ब त्याहून अधिक जगला तर त्या कारखान्यास दंड पडे. तार अधिक तापविली तर बल्ब लौकर मरतो, पण तितक्याच विजेंत उजेड अधिक देतो, तेव्हां हजार तासांच्या मर्यादेस थोडा शास्त्रीय आधारही होता, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. परंतु दंडाची वही ही शास्त्राची वही नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत तो करार मोडला. हजार तासांची रूढी मात्र राहिली.

मराठवाड्याच्या खेड्यांत वीज उशिरां आली. १९५६ सालीं हा भाग मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षीं राज्य विद्युत् मंडळ स्थापन झालें. वडवणीच्या पूर्वेस परळी वैजनाथ येथें औष्णिक वीजकेंद्राचा पहिला, ३० मेगावॉटचा संच १९७१ सालीं सुरू झाला. १९८० ते १९८७ या काळांत २१० मेगावॉटचे तीन संच त्यांत उभे राहिले. ज्या जिल्ह्यांत वीज तयार होते त्या जिल्ह्यांत तरी उजेड भरपूर असावा, अशी कोणाचीही कल्पना होईल. पण दिव्याखालीं अंधार ही म्हण उगीच झालेली नाहीं. सायंकाळीं विहिरींवरच्या मोटारी चालू झाल्या कीं लांबच्या तारेच्या टोकाशीं २३० व्होल्टचा दाब १८० वर येई, आणि बल्बांतली तार लालसर होऊन बसे. येथें एक हिशेब करण्यासारखा आहे. दाब इतका उतरला म्हणजे तारेचा बल्ब नेहमींच्या दोन-तृतीयांश वीज खातो, पण उजेड देतो तो निम्म्याहूनही कमी. खेड्यांतला माणूस घेतलेल्या विजेचे दाम शहरवाल्याप्रमाणेंच मोजी आणि घरीं मात्र निम्मा उजेड नेई. चिमणीचाच व्यवहार तो. फक्त धूर तेवढा गेला. मग उपाय म्हणून साठाच्या जागीं शंभराचा बल्ब लावावयाचा, म्हणजे अधिक खर्चानें तोच अंधुक उजेड.

देवघरांत किंवा माजघरांत रात्रभर जळणारा ‘झिरोचा’ बल्ब हा या अज्ञानाचा कळस होय. त्यास झिरो म्हणत, म्हणून तो वीज खात नाहीं अशी समजूत. जुन्या मीटरांस त्याचा अल्प प्रवाह जाणवत नसे म्हणून तें नांव पडलें, असें सांगतात. वस्तुतः तो बारा ते पंधरा वॉट घेई. आज तेवढ्या विजेंत दोन खोल्या लख्ख उजळतात.

ट्यूबलाइट आली ती प्रथम शाळा, कचेऱ्या व दुकानें यांत. तिच्या चोकचा गुणगुणाट आणि स्टार्टरची डोळेमिचकावणी सर्वांच्या परिचयाची आहे. दाब उतरला कीं ती मुळींच पेटत नसे, म्हणून कमी दाबाच्या गांवांत तिच्याजवळ एक साधा बल्बही ठेवावा लागे. पांढरा उजेड म्हणजे प्रतिष्ठेचा उजेड, ही समजूत तिनेंच रुजविली, आणि तिचा परिणाम पुढें एलईडीच्या निवडीवर झाला. त्यानंतर आल्या वळ्यावळ्यांच्या सीएफएल. महाराष्ट्रांत २००५ पासून पुढें कांहीं वर्षें भारनियमनाचा काळ होता. ज्या भागांत गळती व थकबाकी अधिक, त्या भागांत अंधार अधिक तास, असा पुढें नियम झाला. त्याच काळांत, २००९ मध्यें, केंद्र सरकारनें ‘बचत लॅम्प योजना’ काढून सीएफएल साध्या बल्बाच्या भावांत, पंधरा रुपयांस, देण्याचें ठरविलें. विजेची बचत खरी होती. परंतु तिच्या नळींत पाऱ्याचा अंश असे, आणि फुटलेली सीएफएल उकिरड्यावरच जात असे. तो अध्याय लौकरच संपला.

एलईडीची कथा निराळी आहे. तींत तार तापत नाहीं, वायु पेटत नाहीं. अर्धवाहकाच्या लहानशा चकतींतून वीज जातांना सरळ प्रकाश बाहेर पडतो. तांबडा प्रकाश देणारी चकती १९६२ सालीं अमेरिकेंत निक होलोन्याक यांनीं केली आणि ती यंत्रांवरच्या लुकलुकणाऱ्या खुणेपुरती वापरली गेली. पांढऱ्या उजेडासाठीं निळा प्रकाश हवा होता, आणि तो तीस वर्षें हातीं लागेना. जपानांत अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांच्या खटपटींतून १९९० च्या दशकाच्या आरंभीं प्रखर निळी चकती सिद्ध झाली. तिजवर पिवळसर प्रकाश देणारा लेप दिला कीं निळा व पिवळा मिळून पांढरा दिसतो. या कामाबद्दल तिघांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. बाजारांतला प्रत्येक पांढरा एलईडी बल्ब म्हणजे पिवळें पांघरूण घेतलेला निळा दिवा होय. रंगाच्या निवडीचा प्रश्न त्यांतूनच निघतो.

परंतु शोध लागला म्हणून तो वडवणीस पोहोंचतो असें नाहीं. २०१४ च्या आरंभीं सरकारी खरेदींतही एका एलईडी बल्बास सुमारें ३१० रुपये पडत. दहा-पंधरा रुपयांचा तारेचा बल्ब घेणारें घर इतका पैसा एकरकमी काढणार कोठून? येथें सरकारच्या ‘एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस’ या कंपनीनें एक साधा व्यापारी विचार केला : कोट्यवधि बल्ब एकदम मागवावे आणि कारखानदारांस भाव पाडण्यास लावावें. ५ जानेवारी २०१५ रोजीं योजना देशभर सुरू झाली, पुढें तिला ‘उजाला’ नांव मिळालें. वीजकंपन्यांमार्फत बल्ब रोख किंवा बिलांतून हप्त्यानें देण्याची सोय होती आणि तीन वर्षांत बिघडला तर बदलून मिळण्याची हमी होती. २०१६ मध्यें खरेदीचा भाव ३८ रुपयांपर्यंत उतरला. आजवर छत्तीस कोटींहून अधिक बल्ब त्या योजनेंतून गेले. दिव्याच्या इतिहासांत गरीब घरास श्रीमंत घराइतकाच उत्तम दिवा त्याच भावांत आणि त्याच वेळीं मिळाला, असें प्रथमच घडलें.

आकड्यांत सांगावयाचें तर सातशें लुमेनचा उजेड रोज पांच तास हवा असेल, तर साठ वॉटच्या जुन्या बल्बास वर्षाकाठीं सुमारें ११० युनिटें लागत, सीएफएलला २६, सात वॉटच्या एलईडीला १३ देखील नाहींत. युनिटास आठ रुपये धरले तर एका दिव्यामागें वर्षाचे पावणेआठशें रुपये वांचले. आणि येथेंच जुना प्रश्न घातक ठरतो. बल्बांची जात एक होती तोंवर वॉट विचारून भागत होतें. आतां दोन बल्ब, दोन्ही नऊ वॉटचे; एक नऊशें लुमेन देतो, दुसरा सहाशें. नऊ वॉट म्हटल्यानें ग्राहकास कांहींच कळत नाहीं. खोक्यावर बारीक अक्षरांत लुमेनचा आंकडा असतो, तो वाचावा आणि वॉटनें भागावा. शंभराच्या आसपास आला तर बल्ब चांगला. बराच खालीं असेल तर स्वस्त बल्ब चिमणीच्या वंशांतला समजावा. ऊर्जा-कार्यक्षमता ब्यूरोचे तारे याच भागाकारावर दिले जातात, आणि २०१८ पासून ते छापणें सक्तीचें आहे. भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी-क्रमांकही खोक्यावर असावयास हवा. २०१७ मध्यें मुंबई, दिल्ली, अहमदाबाद व हैदराबाद येथल्या दुकानांची पाहणी झाली, तींत तीन-चतुर्थांश छापांचे बल्ब ग्राहक-सुरक्षेच्या नियमांत न बसणारे आढळले. ही पाहणी बल्ब-उत्पादकांच्या संघटनेनेंच करविली होती, तेव्हां तीत लहान दुकानदारांविषयीं थोडा आकस असणें शक्य आहे. तरी हमीपत्र, छाप व पत्ता नसलेला बल्ब घेऊं नये, हें त्यावरून निश्चित होतें.

एलईडी पंचवीस हजार तास टिकतो असें खोक्यावर छापलेलें असतें, आणि वडवणींत तो कित्येकदां वर्षांत जातो. यांत चकतीचा दोष क्वचित् असतो. बल्बाच्या देठांत एक लहान विद्युत्-मंडल असतें, त्यास ड्रायव्हर म्हणतात. मरतो तो हा. त्याचे शत्रु दोन. पहिला उष्णता. बीडकडे वैशाखांत पारा चाळिशीच्या पलीकडे जातो. पत्र्याच्या छपराखालीं तर विचारूंच नये. ड्रायव्हरमधल्या द्रवयुक्त कपॅसिटरचें आयुष्य दर दहा अंश उष्णतेमागें जवळ जवळ निम्म्यानें घटतें. म्हणून बल्ब पत्र्यास चिकटून न लावतां हातभर खालीं सोडावा, आणि चारही बाजूंनीं बंद अशा कांचेच्या गोळ्यांत घालूं नये. शहरांतल्या नक्षीदार झुंबरांत एलईडी लौकर कां जातात, याचेंही उत्तर हेंच. दुसरा शत्रु दाबाचा झटका. खांबावरची न्यूट्रल तार तुटली कीं घरांत २३० च्या जागीं चारशेंच्या जवळपास व्होल्ट येऊं शकतात. म्हणून खोक्यावर दाबाची मर्यादा आणि झटक्यापासून संरक्षण यांचा उल्लेख आहे कीं नाहीं, हें गांवाकडच्या घरानें लुमेनइतकेंच काळजीनें पाहावें. उलट कमी दाबाचें जुनें दुखणें चांगल्या एलईडीनें पार घालविलें आहे. दाब १८० वर आला तरी त्याचा उजेड सहसा ढळत नाहीं.

राहिला रंग. खोक्यावर २७०० किंवा ३००० असा आंकडा असेल तर उजेड समईसारखा पिवळसर. ६५०० असेल तर निळसर पांढरा. दोहोंत वीज तितकीच लागते. तरी ट्यूबलाइटच्या संस्कारानें बहुतेक घरांत पांढराच मागितला जातो, कारण तो अधिक वाटतो. स्वयंपाकघरांत, मुलांच्या अभ्यासाच्या जागीं तो शोभतो. निजण्याच्या खोलींत, जेथें मन शांत व्हावयाचें, तेथें निळा भाग थोडा असलेला पिवळसरच बरा. रंग खरे दिसतात कीं नाहीं याचा आंकडा निराळा असतो, तो ऐंशीच्या खालीं नसावा. तुरीच्या डाळींतला खडा आणि लुगड्याचा खरा रंग ज्या दिव्यांत कळत नाहीं, तो कितीही प्रखर असला तरी घरास निरुपयोगी. उजेड थरथरतो कीं काय हें पाहण्यास मोबाईलचा कॅमेरा त्याजकडे धरावा. पडद्यावर काळे पट्टे सरकतांना दिसले तर तो बल्ब परत करावा.

या बचतीचा परळीशींही संबंध पोहोंचतो. कोळशावरचें वीजकेंद्र पाण्यावांचून चालत नाहीं. २०१३ च्या दुष्काळांत गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यांत पाणी उरलें नाहीं म्हणून परळीचे संच बंद ठेवावे लागले होते. २०१५ सालीं केंद्र सरकारनें जुन्या केंद्रांस दर युनिटास साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घालून दिली. त्या मानानें एका दिव्याची वर्षाची सत्त्याण्णव युनिटें म्हणजे तीनशें चाळीस लिटर पाणी, टँकरच्या रांगेंत उभ्या केलेल्या दोन पिंपांस थोडें कमी. अर्थात् हें पाणी त्या घराच्या अंगणांत येत नाहीं. आणि उजेड स्वस्त झाला कीं माणसें दिवे वाढवितात, गच्चीवर माळा लावतात, अंगणांतला दिवा रात्रभर ठेवतात, हाही अनुभव आहे.

वडवणी तालुक्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. घरास कुलूप लागतें, किंवा म्हातारी माणसें व शाळेंतलीं मुलें मागें राहतात. फडाजवळच्या कोपीस विजेचें मीटर नसतें. पहांटे, कोयते उचलण्यापूर्वीं, भाकऱ्या होतात त्या पूर्वीं चिमणीच्या आणि आतां बॅटरीवरच्या एलईडी दिव्याच्या उजेडांत. त्या दिव्याची निवड करतांना प्रखरपणा दुय्यम. एकदां भरलेली बॅटरी किती तास पुरते, उजेड कमी-जास्त करतां येतो कीं नाहीं, आणि दोन-तीन वर्षांनीं बॅटरी थकली तर तेवढीच बदलतां येते कीं सारा दिवा फेकावा लागतो, हे प्रश्न तेथें खरे. आणि घरच्या बल्बाच्या हमीविषयींही एक गोष्ट अशा कुटुंबानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हमी तासांवर नव्हे, पंचांगावर चालते. कुलुपामागें सहा महिने न जळलेल्या बल्बाचेही ते सहा महिने तींत मोजले जातात. तेव्हां पावतीवर तारीख घालून घ्यावी, आणि ती शिधापत्रिकेबरोबर ठेवावी.